नळापासून तानसापर्यंत: बाबांबरोबर चार दिवस

माझे बाबा महानगरपालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. परळ-लालबागच्या गल्ल्यांना त्यांनी एकतीस वर्षं पाणी सोडलं. चावी म्हणजे माणसाच्या छातीएवढी उंच, वर आडवा दांडा असलेली लोखंडी सळई. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत सोडून झडपेच्या डोक्यावर बसवायची आणि दांडा धरून स्वतः गोल फिरायचं. एका फेऱ्याला ते आटा म्हणतात. कुठल्या गल्लीला किती आटे उघडायचे, टोकाच्या चाळीत पाणी चढायला किती वेळ लागतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. तरी ते एका वहीत लिहीतच. वेळ, आटे, दाब. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण वहीची सवय सुटलेली नाही.

या बाबांनी तलाव मात्र एकही पाहिला नव्हता. पाणी त्यांना भेटलं ते नळातच, रस्त्याच्या खाली, अंधारात. मे महिना नुकताच लागला होता आणि पाणीकपात सुरू झाली होती. पेपर आला की ते आधी तलावांच्या साठ्याची चौकट वाचत आणि एक-दोन आकडे वहीत उतरवत. एका सकाळी मी म्हटलं, "बाबा, आपण बघूनच येऊ या का?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "परवानगी लागेल." म्हणजे जायचं ठरलं.

परवानगीची पत्रं मिळायला तीन आठवडे गेले. धरणांची सुरक्षा कडक आहे आणि ती तशीच असायला हवी, इतक्या माणसांचं पिण्याचं पाणी आहे ते. गाडी माझी, चालवणारी मी. मुक्काम शहापूरला, बाबांच्या जुन्या सोबत्याकडे. हे काका आयुष्यभर जलवाहिनीच्या गस्तीवर होते. बाबा पाण्याच्या शेवटच्या टोकाला आणि काका मधल्या वाटेवर.

पहिला दिवस, गुरुवार: भंडारवाडा, कान्हेरी, विहार

बाबांचा आग्रह होता की सुरुवात भंडारवाड्यापासून करायची. डॉकयार्ड रोड स्टेशनाच्या डोक्यावर ही टेकडी आहे. वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे, तिथून बंदरातली जहाजं दिसतात. सकाळी सहाला माझगावची मंडळी फेऱ्या मारत होती. बाबांनी हिरवळीच्या कडेला उभं राहून टाच दोनदा आपटली. "खाली पाणी आहे," ते म्हणाले. उद्यानाखाली ब्रिटिशकालीन जलाशय आहे. मलबार हिलवर फिरोजशहा मेहता उद्यानाखालीही असाच आहे. गुरुत्वाने खाली उतरता यावं म्हणून पाणी टेकडीवर चढवून ठेवायचं, ही त्यामागची साधी युक्ती. तिच्यावर अर्धी जुनी मुंबई अजून पाणी पिते.

त्याआधी मुंबई विहिरींवर आणि तलावांवर जगायची. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही बसच्या पाट्यांवरची नावं म्हणजे बुजवलेल्या तलावांची आठवण आहे. त्या पाण्यात नारूचे जंतू असत. १८५४ साली पाऊस रुसला तेव्हा शहरातली गुरं माहीमच्या बाजूला हलवावी लागली. बाहेरून होड्यांनी आणि नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीने पाणी आणून विहिरींत ओतलं गेलं. ते विहिरीत ओतणं मी तेव्हा नुसतं वाचलं होतं. तिसऱ्या दिवशी ते डोळ्यांनी बघायचं आहे हे माहीत नव्हतं.

तिथून बोरिवलीला, राष्ट्रीय उद्यानात. कान्हेरीला जायचं कार्यक्रमात नव्हतं, पण विहारच्या परवानगीची वेळ दुपारची होती. इथे शंभराहून जास्त लेणी आहेत आणि बहुतेक लेण्यांच्या दाराशी दगडात खोदलेलं टाकं आहे. डोंगरावर पडलेला पाऊस बारीक पन्हाळीने या टाक्यांत आणलेला. इथल्या ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांनी नोंदवून ठेवलंय की अमक्याने लेणं दिलं आणि 'पोढी' दिली. पोढी म्हणजे हेच टाकं. देणगीत गुहेच्या बरोबरीने पाण्याचं नाव यावं, हे मला फार मोठं वाटलं. मे महिन्याच्या शेवटीही दोन-तीन पोढ्यांत पाणी होतं. बाबा एकीवर वाकून बघत राहिले. मग हाताने पन्हाळीचा उतार चाचपला. "बरोबर काढलाय," म्हणाले. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला चावीवाल्याने दिलेली ही पावती होती.

दुपारी विहार. मुंबईला नळाने पाणी देणारा हा पहिला तलाव. हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार १८५६ साली काम सुरू झालं आणि १८६० साली शहराला पाणी मिळालं. मिठी नदीच्या उगमाकडच्या दरीत मातीचे तीन बांध घालून पाणी अडवलंय. मुख्य बांधावर गवत वाढलेलं, पलीकडे साग आणि पळस, आणि मध्ये आकसलेलं हिरवट पाणी. काठाचा चिखल वाळून भेगाळला होता. रखवालदाराने पाण्यात पडलेल्या ओंडक्याकडे बोट केलं. थोड्या वेळाने तो ओंडका हलला. मगर होती.

विहार पूर्ण भरला तर त्यात २७,६९८ दशलक्ष लिटर उपयुक्त साठा असतो. शहराला रोज जवळपास ३,९०० दशलक्ष लिटर पाणी दिलं जातं. मी तिथेच मोबाइलवर भागाकार केला. सात दिवस. एके काळी साऱ्या मुंबईची तहान भागवण्यासाठी बांधलेला तलाव आज शहराला एक आठवडा पुरेल. वरच्या अंगाचा तुळशी तलाव १८७९ सालचा, त्याची क्षमता ८,०४६ दशलक्ष लिटर. म्हणजे दोन दिवस. तुळशी भरला की त्याचं जादा पाणी विहारात उतरतं, विहार भरला की मिठीत. बाबांनी विहार आणि तुळशी वहीत लिहिले आणि पुढे भागाकाराचं उत्तरही लिहिलं. नंतर दोन दिवस त्यांना तोच नाद लागला होता.

दुसरा दिवस, शुक्रवार: पिसे आणि भातसा

सकाळी सातला निघालो. मुलुंडला जलवाहिन्यांच्या कडेने जाताना बाबांनी काच खाली केली. इथे नळ जमिनीच्या वर दिसतात, माणसापेक्षा उंच, काळे, एकमेकांच्या अंगाला अंग लावून झोपलेले. "ही तानसा. ती वैतरणा," ते ओळख करून देत होते, जशी लग्नात करून देतात. वैतरणेची २,४०० मिलिमीटर व्यासाची आहे, तिच्या आत मी सरळ उभी राहू शकेन. भांडुपचं जलशुद्धीकरण संकुल बाहेरूनच पाहिलं. तलावांचं गढूळ पाणी तिथे येतं, तुरटीने गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून गाळतात, क्लोरीन देतात आणि मग ते शहराकडे जातं. हल्ली बरंचसं पाणी जमिनीखालच्या खोल जलबोगद्यांतून येतं, त्यामुळे नळ न दिसताच गावं मागे पडतात.

भिवंडीच्या पुढे पिसे. हे नाव मुंबईकरांना फक्त बातमीत भेटतं, "पिसे येथे वीजपुरवठा खंडित, अमुक भागांत पाणी नाही." प्रत्यक्षात तो भातसा नदीवरचा एक बंधारा आहे. भातसा धरणातून सोडलेलं पाणी नळातून येतच नाही, नदीच्या पात्रातून मोकळं वाहत इथपर्यंत येतं. बंधाऱ्याशी ते अडवतात, पंपाने उचलतात आणि जवळच्या पांजरापूरला शुद्ध करून पुढे ढकलतात. तानसा आणि वैतरणेचं पाणी उताराने आपसूक मुंबईला पोचतं. भातसाचं मात्र विजेशिवाय एक पाऊल पुढे सरकत नाही. पिशाची वीज गेली की मुंबईचा कुठला भाग कोरडा पडतो आणि का पडतो, हे बाबांना चावीवरून ठाऊक होतं. पंपघराचा घरघराट ऐकत ते बराच वेळ उभे राहिले.

नदीच्या काठाला गवार आणि भेंडीचे मळे होते. एक माणूस म्हशी धूत होता. ते दृश्य बघून पोटात कालवलं, खरं सांगते. मग वाटलं, नदी आधी त्याची आहे.

संध्याकाळी चारच्या सुमाराला भातसानगरच्या रस्त्याने धरणावर पोचलो. हे धरण राज्याच्या जलसंपदा विभागाचं, मुंबईला त्यातून पाणी दिलं जातं. पाच वक्राकार दरवाजे, आणि मागे डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेला प्रचंड जलाशय. त्याची मुंबईसाठीची क्षमता ७,१७,०३७ दशलक्ष लिटर. सातही तलाव मिळून १४,४७,३६३. जवळजवळ निम्मं शहर या एका भिंतीच्या भरवशावर आहे. पाणी पार खाली गेलं होतं. डोंगरांच्या पायाला लाल मातीचे पट्टे चढत्या पायऱ्यांसारखे उघडे पडले होते. प्रत्येक पट्टा म्हणजे काही आठवडे. बाबा कठड्याला धरून ते पट्टे मोजत होते आणि मी गप्प होते.

रात्री शहापूरला काकांच्या घरी नागलीची भाकरी, सुकटाची चटणी आणि आंब्याचा रस. काकूंनी हात धुवायला तांब्यातून पाणी घातलं, बारीक धारेने. मला ते लगेच कळलं नाही. मोरीत शेजारी पाच पिंपं झाकून ठेवलेली होती.

तिसरा दिवस, शनिवार: तानसा

पहाटे साडेचारला बाबा उठून बसले होते. नोकरीतली वेळ. काकाही जागे. दोघं अंगणात जुन्या फुटलेल्या नळांच्या गोष्टी बोलत होते. कुठल्या साली कुठे जोड निखळला, कारंजं किती उंच उडालं, शिसं ओतून जोड कसे बसवत. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत होते. लढाईवरून परतलेली माणसं बोलतील तसं ते बोलणं होतं.

आटगावच्या फाट्यावरून आत वळलं की तानसा अभयारण्य सुरू होतं. मे महिन्यात इथला साग निष्पर्ण असतो, पण करवंदांच्या जाळ्या हिरव्यागार. मध्येच पांढऱ्या खोडाचा एखादा कांडोळ उभा. माहुलीचे सुळके पाठराखण करत होते. याच जंगलात २०१४ साली रानपिंगळा सापडला. शंभरेक वर्षं नाहीसा झाला असं समजलेलं हे छोटं घुबड १९९७ साली शहाद्याकडे पुन्हा दिसलं आणि मग इतक्या वर्षांनी मुंबईच्या पाण्याच्या कुशीत. धरणासाठी राखलेल्या जंगलाने त्यालाही राखलं. आम्हाला तो दिसला नाही. काकांनी त्याच्यासारखी शीळ घालून दाखवली.

आणि मग झाडं संपली, भिंत आली.

मी फोटो पाहिले होते, पण फोटोत लांबी मावत नाही. तानसाची भिंत २,८०० मीटरच्या आसपास लांब आहे. काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली, १८९२ साली पुरी झालेली. दूरवर जाताना ती इतकी बारीक होते की शेवटी डोळ्यांना नुसती रेघ दिसते. मेजर हेक्टर टुलॉक यांनी या जागेची पाहणी करून योजना मांडली होती. एवढा दगड हाताने फोडला, हाताने वाहिला, हाताने बसवला. त्या हातांची नावं कुठे कोरलेली नाहीत. पाथरवटांची छिन्नी मात्र दगडादगडावर अजून दिसते. प्रत्येक दगडाचा पोत निराळा, म्हणजे माणूस निराळा.

बाबांना गुडघ्याचा त्रास आहे. मी म्हटलं, थोडं चालून परत फिरू. ते काही बोलले नाहीत आणि चालू लागले. एका हाताला जलाशय, दुसऱ्या हाताला खोल झाडी. अधूनमधून थांबून ते दगडावर तळहात ठेवत. ऊन चढलं होतं, दगड तापला होता, तरी ठेवत. मधल्या भागात पाणी उचलण्याचा बुरूज आहे. तिथपर्यंत पोचल्यावर काका म्हणाले, "हे बघ, इथून तुझं पाणी निघतं." बाबांनी काठाकडे वाकून पाहिलं. बुरुजाच्या अंगावर पाणी जिथपर्यंत चढतं तिथली काळी रेघ स्पष्ट होती आणि पाणी तिच्यापासून कितीतरी खाली. ते म्हणाले, "अगं, आई सकाळी पाचला ह्याचीच वाट बघायची." माझ्या आईबद्दल बोलत होते. आमच्या चाळीत सगळ्या बायकांच्या आधी आई पिंप लावून बसायची. चावीवाल्याची बायको म्हणून तिला पाणी कधी जास्त मिळालं नाही, हे मी लहानपणापासून बघितलंय. बाबा आमच्या गल्लीला ठरलेल्या आट्यांपेक्षा अर्धा आटाही वाढवत नसत.

पातळी मोजायची पट्टी तिथल्या कर्मचाऱ्याने दाखवली. तानसा भरून वाहतो तो १२८.६३ मीटरला. ११८.८७ च्या खाली गेला की नेहमीच्या वाटेने पाणी उचलता येत नाही. म्हणजे दहा मीटरलाही कमी असा हा सगळा खेळ आहे. त्या दहा मीटरांत १,४५,०८० दशलक्ष लिटर, शहराचे सदतीस दिवस. आम्ही गेलो तेव्हा जेमतेम दोन मीटर उरलं होतं.

आकड्यांपुढे टी.एच.डी. अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. बाबांनी ती अक्षरं वर्षानुवर्षं वहीत उतरवली होती, पण अर्थ आज कळला. त्या कर्मचाऱ्याने समजावलं की ही उंची समुद्रसपाटीपासून धरलेली नाही. ती फोर्टातल्या टाउन हॉलच्या खुणेवरून ठरवलेली आहे. एशियाटिक लायब्ररीची ती पांढरी इमारत, १८३३ सालची. ब्रिटिश सर्वेक्षकांनी तिथली पायरी आधार धरली आणि शहराच्या सगळ्या उंच्या तिच्यावरून मांडल्या. शहराने हात लांब केला तशी ती पट्टीही लांब होत शहापूरच्या जंगलात आली. बाबा म्हणाले, "म्हणजे इथलं पाणी तिथून मोजतात." कर्मचारी हो म्हणाला. बाबांनी दोनदा मान हलवली. मला माहीत आहे, एखादी गोष्ट मनात खोल गेली की ते असं करतात.

परतीच्या वाटेवर काकांनी गाडी एका पाड्याकडे वळवायला सांगितली. त्यांच्या ओळखीचं घर होतं, करवंदं घ्यायची होती. धरणाची भिंत झाडांआडून दिसते इतकं ते अंतर. पाड्याच्या मध्यावर विहीर, आणि विहिरीभोवती चाळीसेक हंडे रांगेत. माणसं सावलीत बसलेली. कुणी बोलत नव्हतं. टँकरची वाट बघत होती.

तासाभराने टँकर आला. त्याने पाणी हंड्यांत सोडलं नाही. जाड पाइप विहिरीत टाकला आणि सगळं पाणी आत ओतलं. कोरड्या दगडावर पाणी आदळल्याचा आवाज झाला. मग बायका काठाला उभ्या राहिल्या आणि तेच पाणी पोहऱ्याने, दोराने वर ओढू लागल्या. १८५४ च्या मुंबईत नेमकं हेच होत होतं. दोराच्या घर्षणाने विहिरीच्या कठड्याच्या दगडात खाचा पडल्यात, बोट जाईल इतक्या.

शहापूर तालुक्यात पाऊस कमी पडत नाही. पावसाळ्यात इथे चार महिने आभाळ फाटतं. पण खाली बसॉल्टचा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि उतार भरपूर. पडलेलं पाणी थांबत नाही. थांबतं ते धरणात, आणि धरणातलं पाणी शहरासाठी ठरलेलं. तानसा याच तालुक्यात, भातसा याच तालुक्यात, मोडकसागर इथून जवळ, आणि उन्हाळा आला की याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकर. हे चुकीचं आहे. मी मुंबईत जन्मले, याच पाण्यावर वाढले, म्हणून हे म्हणायचा हक्क मला कमी नाही, उलट माझ्यावर ते म्हणायची जबाबदारी आहे. लांब जलवाहिन्या टाकायला ज्या शहराला जमतं, त्याला धरणाच्या पायथ्याच्या पाड्यापर्यंत एक छोटा नळ नेणं जमायला हवं होतं. पहिल्या वर्षी नाही तर दहाव्या, शंभराव्या वर्षी तरी.

ओळखीच्या घरातल्या बाईंनी आम्हाला ओट्यावर बसवलं आणि लोटाभर पाणी आणलं. आत्ताच ओढून आणलेलं, किंचित गढूळ. आमच्या गाडीत बाटल्या होत्या. मी काही बोलायच्या आत बाबांनी लोटा घेतला.

"दादा, मुंबईला नळ किती वेळ येतो?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडे दोन-अडीच तास," बाबा म्हणाले.

"मंग भरून ठेवता?"

"ठेवतो ताई. पिंपं आहेत."

"बरंय. आमच्यावानीच."

तसं नाही हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी ते बाबांना बरं वाटावं म्हणून म्हटलं असावं. बाबांनी पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं आणि लोटा उपडा करून ठेवला. करवंदांचे पैसे बाईंनी निम्मेच घेतले.

रात्री जेवताना बाबा फारसं बोलले नाहीत. काकूंनी रसाचा आग्रह केला तेव्हा म्हणाले, "एवढी वर्षं टोकाच्या चाळीला पाणी चढत नाही म्हणून जीव टाकला. टोक ह्या बाजूलाही होतं."

चौथा दिवस, रविवार: मोडकसागर आणि परत

मोडकसागरवर आम्ही तासभरच होतो. तानसासारखं मन इथे गुंतलं नाही, कदाचित ते आदल्या दिवशीच भरून गेलं होतं. वैतरणेच्या अरुंद दरीत उभी ही काँक्रीटची भिंत १९५७ साली पुरी झाली. महापालिकेचे इंजिनिअर एन. व्ही. मोडक यांचं नाव तिला दिलंय. स्वातंत्र्याच्या वेळी अल्बर्ट मेयर यांच्याबरोबर बृहन्मुंबईचा आराखडा मांडणारे तेच हे मोडक. पाणीखात्यातली जुनी माणसं त्यांचं नाव अजून आदराने घेतात, बाबाही घेतात. नदीच्या वरच्या अंगाला आता मध्य वैतरणा आहे, १०२.४ मीटर उंच, आणि त्याच्याही वर नाशिक जिल्ह्यात इगतपुरीजवळ ऊर्ध्व वैतरणा. एकाच नदीला शहराने तीन ठिकाणी हात घातलाय. त्र्यंबकच्या डोंगरात उगवणारी ही नदी आपल्या पुराणात यमलोकाच्या वाटेवर आहे, आणि तीच एवढ्या माणसांना जगवते.

पुढचं धरण गारगाईवर व्हायचं आहे, वाडा तालुक्यात. दिवसाला ४४० दशलक्ष लिटर पाणी त्यातून मिळावं अशी योजना आहे. ओगदे, खोडदे ही गावं उठतील आणि तानसा अभयारण्याचा तुकडा पाण्याखाली जाईल. मी धरणाविरुद्ध नाही, माझ्या बापाचं आयुष्य धरणाच्या पाण्यावर गेलंय. पण चार दिवसांत फुटलेले जोड, गळणाऱ्या झडपा आणि विनामीटर नळ यांच्या ज्या गोष्टी या दोघांकडून ऐकल्या, त्यावरून वाटतं की आधी जे हातात आहे ते सांडू नये. काकांचं मत याहून कडक आहे. ते म्हणतात, आधी पाड्यांना नळ द्या आणि मग दुसऱ्या नदीकडे बघा.

जेवून निघालो. आसनगाव, वासिंद, पडघा, मग ठाण्याची गर्दी. बाबा झोपले असतील असं वाटलं होतं. पूर्वद्रुतगती मार्गावरून परळकडे वळायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "फोर्टात जाऊ या?"

रविवारची संध्याकाळ होती, रस्ते मोकळे. हॉर्निमन सर्कलपाशी गाडी लावली. टाउन हॉलच्या तीस पायऱ्यांवर मुलं-मुली बसली होती, कुणी फोटो काढत होतं, एक भेळवाला खाली उभा होता. बाबा सगळ्यात खालच्या पायरीवर बसले. मी शेजारी. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि चार दिवसांच्या नोंदी नीट मांडायला घेतल्या, रकाने आखून. ठिकाण, भरलेली पातळी, आजची पातळी. विहार. तुळशी. भातसा. तानसा, १२८.६३. मोडकसागर, १६३.१५. अक्षर थोडं थरथरतं, पण ओळी सरळ.

मोडकसागरखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. पाड्याची विहीर. भरलेल्या पातळीचा रकाना त्यांनी मोकळा ठेवला. आजच्या पातळीच्या रकान्यात लिहिलं, "तळ दिसतो. टँकर दुपारी एक वाजता." मग खाली तारीख घातली, सही केली, जशी ते ड्युटी संपताना करत, आणि वही मिटली.